मर्दानी खेळांचा वर्ग लावावा का? एका निवृत्त फौजीचा अभिप्राय

परीक्षा संपल्या की कोल्हापुरात दोन प्रकारचे फलक लागतात. एक पोहण्याच्या वर्गाचे, दुसरे मर्दानी खेळांचे. माझी नात अकरा वर्षांची, पोहायला तिला येतं, म्हणून यंदा दुसऱ्या फलकाकडं वळलो. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गल्लीत सगळे मेजर म्हणतात. आमच्याकडं नाईक म्हणून निवृत्त झालेलाही मेजरच असतो, त्याबद्दल कुणी भांडत नाही. नातीला सोडायला जायचो, बाकावर बसून नुसतं बघवेना, म्हणून मोठ्यांच्या सकाळच्या तुकडीत स्वतःचंही नाव घातलं. तेव्हा हे पालक आणि शिकाऊ अशा दोघांचं मत समजा. तालमीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं चार कडक गोष्टी आहेत आणि त्या वस्तादांना तोंडावर सांगून झाल्या आहेत.

फलकावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘युद्धकला शिका, योद्धा व्हा!’ खाली पट्टा फिरवणारा मावळा, मागं गड, आणि महिन्याची फी सहाशे रुपये. सहाशे रुपयांत योद्धा होत असता तर बेळगावच्या आमच्या सेंटरला टाळं लागलं असतं. पण फी रास्त आहे. त्यात लाठी तालमीची, माती तालमीची, शिकवणारे स्वतः वस्ताद आणि त्यांचे दोन पठ्ठे. टी-शर्टचे अडीचशे वेगळे घेतात. तो घेतला नाही तरी कुणी वाकडं बघत नाही.

जागा जुनी आहे. पुढं मारुती, आत लाल मातीचा आखाडा, मागं पत्र्याची शेड आणि मोकळं अंगण. कुस्तीची पोरं आत, मर्दानीवाली अंगणात. पावणेसहाला सुरू म्हणजे पावणेसहालाच सुरू. उशिरा येणाऱ्याला वस्ताद काही बोलत नाहीत, फक्त कोपऱ्यातला खराटा दाखवतात. अंगण झाडून झालं की रांगेत यायचं. एक डॉक्टर आमच्या तुकडीत आहेत, त्यांच्या हातात खराटा जास्त आणि लाठी कमी दिसते.

पहिले काही दिवस शस्त्राला हात लावू देत नाहीत. नुसते पवित्रे. पाय कुठं, वजन कुठं, टाच कधी उचलायची. पोरं कंटाळतात, पालक जास्त कंटाळतात. एक आई म्हणाल्या, “अहो, पैसे भरून नुसतं चालायलाच शिकवतायत.” मला मात्र हेच सगळ्यात आवडलं. फौजेत आम्हाला उस्तादांनी कितीतरी आठवडे परेड ग्राउंडवर नुसतं चालवलं होतं. हातात काय आहे हे नंतर ठरतं, आधी पाय ऐकायला लागतात.

मग लाठी. लाठी म्हणजे ती पेलणाऱ्या माणसाच्या हनुवटीपर्यंत येणारा बांबू, मुलांना वेताची हलकी. एका हातानं, दोन हातांनी, पाठीमागून, पायाखालून. आधी एकट्यानं हवेत, मग चौघांनी घेरलेल्या एकानं. हा घेर बघण्यासारखा असतो. मधल्या पोरानं लाठी फिरती ठेवायची आणि चौघांना आपल्या लाठीच्या टप्प्याबाहेर ठेवायचं. कुणाला पाडायचं नाही, कुणाचं डोकं फोडायचं नाही. वस्ताद बाजूनं हातातल्या घड्याळाकडं बघत राहतात. मी विचारलं, “वस्ताद, हे जिंकायचं कसं?” ते म्हणाले, “जिंकायचं नाही मेजर. हुबं ऱ्हायाचं.”

हे उत्तर ऐकलं आणि फी वसूल झाली. लोक विचारतात, ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या काळात हे कशाला. दुसरे लोक छाती फुगवून सांगतात की आपल्या पूर्वजांनी याच जोरावर राज्य उभं केलं. दोघांचंही मला पटत नाही. राज्य उभं राहिलं ते गडांवर, घोड्यांवर, वेळेवर पोचणाऱ्या बातमीवर आणि कोठारातल्या धान्यावर. नुसत्या तलवारबाजीवर विजापूर आणि दिल्ली यांच्याशी कुणालाच झुंजता आलं नसतं. पण या सगळ्याला कधीकधी वेळ कमी पडतो. तो वेळ कुणीतरी अंगावर घेऊन मिळवून द्यायचा असतो. लढाईत शस्त्र चालवणाऱ्या माणसाचं काम मला तरी हेच दिसतं.

पन्हाळा आमच्यापासून वीस किलोमीटरवर, म्हणून तिथलंच सांगतो. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा चार महिने बसला होता. १२ जुलैच्या रात्री भर पावसात महाराज गडावरून निघाले, विशाळगडाकडं. शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि पकडला गेला. त्यानं काय मिळवलं? थोडा वेळ. पुढं घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं थांबली. त्यांनी काय मिळवलं? विशाळगडावरून तोफेचे आवाज येईपर्यंतचा वेळ. सिद्दीच्या फौजेचा पराभव त्या खिंडीत झाला नाही, व्हायची गरजही नव्हती. शिवा काशीदनं तर त्या रात्री तलवार चालवल्याचं कुणी सांगत नाही, तरी पन्हाळ्याला गेलो की मी आधी त्याच्या पुतळ्यापुढं उभा राहतो. दर जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमा निघतात, हजारो पोरं चालतात, चिखलात पडतात, उठतात. तुमच्या मुलाला एवढं एक वर्ष करायला लावा, असं मी आमच्या तुकडीतल्या पालकांना सांगितलं. दोघांनी मान डोलावली, बाकीच्यांनी गुडघे दाखवले.

आता पट्ट्याबद्दल, कारण सगळे त्यासाठीच येतात. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं दांडपट्ट्याला राज्यशस्त्र जाहीर केल्यापासून तर चौकशा फारच वाढल्या, असं वस्ताद म्हणतात. हा वर्ग पट्टा लगेच देत नाही. आधी लाकडी, मग बोथट पात्याचा, धारेचा फक्त जुन्या पठ्ठ्यांना. मला बोथट मिळाला आणि पहिल्याच दिवशी खांदा धरला.

पट्ट्यात हात घातला की कोपराच्या जवळपर्यंत लोखंडी खोळ. आत मूठ आडवी. मनगट बांधल्यासारखं होतं. तलवारीत मनगट खेळतं, इथं ते मेलं. सगळा मार खांद्यातून, कमरेतून आणि पायातून काढावा लागतो. पातं लांब आणि लवचीक, थांबवलं की फडफडतं, म्हणून थांबवायचंच नाही. एकदा सुरू केलं की तुम्हीही त्याच्याबरोबर फिरायचं. आणि इथं एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी फलकावरच्या चित्रात कधी येत नाही. पट्टा फिरवणाऱ्याच्या शेजारी आपला माणूस उभा राहू शकत नाही. खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या रांगेचं हे शस्त्र नाही. चहूबाजूंनी गर्दी अंगावर आली असताना तिला लांब ठेवायचं, एवढ्यासाठी ते बनवल्यासारखं वाटतं. परत तेच, उभं राहण्याचं काम. वस्तादांना हे बोललो तर ते हसले आणि म्हणाले, “म्हणून पट्टेवाल्याला दोस्त कमी.”

प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ ला जिवा महालानं अफजलखानाच्या सय्यद बंडाचा महाराजांवर उगारलेला हात तोडला, आणि ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण झाली. तिथंही काम एका क्षणाचं होतं. तो क्षण कधी येणार हे ठाऊक नसताना त्याच्यासाठी वर्षानुवर्षं हात तयार ठेवायचा. अंगरक्षकाची नोकरी अजून तशीच आहे, मी जवळून पाहिली आहे. फार कंटाळवाणी.

विटा हा प्रकार मुलांना भारी आवडतो. भाल्याच्या शेवटाला दोरी, दोरीचं दुसरं टोक मनगटाला. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. इथं तो चांगला शिकवतात, पण जागा अपुरी आहे. भिंतीवर खुणा आहेत त्या विट्याच्या, पोपडे समजू नका. शेडच्या पलीकडं घरं आहेत, म्हणून विट्याची तुकडी मैदानावर हलवावी असं मी सुचवलं. बघू म्हणाले.

आता तक्रारी.

पहिली आणि मोठी. इथं जे शिकवतात त्यातलं जवळजवळ सगळं हवेत आहे. समोर माणूस नाही. असला तर तो ठरलेल्या जागी ठरलेला वार करतो. समोरचा मनाला येईल तसा मारणार, अशी गोष्ट या वर्गात एकच आहे, फरी-गदका. एका हातात चामड्याची फरी, दुसऱ्यात गादी गुंडाळलेला गदका, आणि समोर तसाच सजलेला दुसरा. आणि ही गोष्ट ठेवलीय फक्त शनिवारी, तीही वेळ उरला तर! माझ्या मते हाच सगळ्या वर्गाचा गाभा आहे, आणि त्याला शेवटचं पान दिलंय.

का, ते एका शनिवारचं सांगतो. नातीसमोर तिच्याएवढाच एक पोरगा. त्यानं गदका उगारला आणि हिनं डोळे मिटले. फटका खांद्यावर बसला. लागलं फार नव्हतं, पण ओठ काढला. मी बाकावरून उठणार तेवढ्यात वस्ताद तिच्यासमोर उकिडवे बसले. “लागलं?” तिनं मान हलवली. “लागू दे. फटका बसायचा तो बसतोयच. डोळं मिटलंस की पुढचाबी बसतोय. डोळं उघडं ठेवून खा बघू एक.” त्यांनी स्वतः हळूच एक मारला. पापणी लवली. परत मारला. परत लवली. असं चाललं. शेवटी एका फटक्याला तिची नजर त्यांच्या मनगटावर खिळून राहिली, फरी आपोआप वर आली आणि गदका चामड्यावर ‘धप्’ झाला. पोरगी हसली. वस्ताद उठून दुसऱ्या जोडीकडं गेले, शाबासकी वगैरे काही नाही.

नियंत्रण रेषेवर नवी पोरं यायची. ट्रेनिंग पूर्ण, निशाण चांगलं, पळण्यात आमच्यापेक्षा पुढं. पहिला गोळा जवळ पडला की डोळे मिटून मान खाली. यात भ्याडपणा काही नाही, शरीर तसंच करतं. ज्याचे डोळे उघडे राहायचे त्याला धूर कुठून आला ते दिसायचं आणि तो दुसऱ्याला सांगायचा. रायफलीला संगीन लावून भुसा भरलेल्या पोत्यावर ओरडत धावायला लावायचे, तेव्हा आम्हालाही वाटायचं की आता संगिनीनं कोण लढतंय? त्या पोत्याचा उपयोग मला पुढं कळला. जीव घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या दिशेनं पाय टाकायची सवय करून घ्यायची असते, आणि ती पुस्तकातून होत नाही.

आमच्या रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४, इटलीत तैबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनची सगळी माणसं पडली, हे एकटे उरले. धावत गेले, बाँब टाकून गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. टॉमीगनची मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर नळी धरून गन उलटी केली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. नंतर शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्या शेवटच्या क्षणी हातातली बंदूक म्हणजे लाकूड आणि लोखंड एवढंच उरलं होतं. त्यांना कुणी लाठी शिकवली होती का, ठाऊक नाही आणि शोधायचीही गरज वाटत नाही. यंत्र संपतं तिथून पुढं माणूस काय करतो, प्रश्न तेवढाच असतो.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देणाऱ्यांना गलवान सांगतो. १५ जून २०२० ची रात्र. प्रत्यक्ष ताबा रेषेजवळ गोळीबार करायचा नाही असा भारत-चीन करार १९९६ पासूनचा. म्हणून अणुबाँब असलेल्या दोन देशांची माणसं दगडांनी, दांडक्यांनी, खिळे मारलेल्या सळयांनी लढली. कर्नल संतोष बाबूंसह आपले २० जवान गेले. त्या उंचीवर चार पावलं पळालं तरी छाती फुटते, तिथं तासन्‌तास हातघाई. त्यानंतर लाठीला नाक मुरडणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

तसंच, लाठीनं सगळं होतं म्हणणाऱ्यांशीही घालत नाही. आमच्या तुकडीत एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मते इंग्रजांनी शस्त्रं काढून घेतली म्हणून आपण हरलो. शस्त्रबंदीचा कायदा १८७८ चा. त्याच्या ७५ वर्षं आधी, १८०३ साली, भोकरदनजवळच्या आसईला शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची मोठी हानी केली, तरी लढाई इंग्रजांचा सेनापती वेलस्लीनं जिंकली. त्या दिवसाचा निकाल तोफा, कवायती पलटणी आणि संगिनी यांनी लावला. शिंद्यांकडं शूर माणसं कमी होती असं कुणी म्हणणार नाही. हे त्यांना सांगितलं तर ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. आता बोलतात, लाठी मात्र जरा जोरात मारतात.

दुसरी तक्रार: ‘स्वसंरक्षण’. फलकावर मुलींसाठी म्हणून तेही छापलंय. एका सुट्टीच्या वर्गानं कुणी रस्त्यावर स्वतःला वाचवू शकेल, हे पालकांच्या डोक्यात घालू नये. मुलीच्या अंगात धिटाई येते, आवाज मोठा होतो, ती मान वर करून चालते. हे खरं आणि पुष्कळ आहे. पण पट्टा घेऊन कुणी शिकवणीला जात नाही. हे वाक्य काढा म्हणून सांगितलं, पुढच्या फलकावर बघायचं.

तिसरी: लिंबू. समारोपाच्या कार्यक्रमात तळहातावर लिंबू ठेवून धारेच्या पट्ट्यानं कापायचा प्रयोग असतो. जुने पठ्ठे एकमेकांच्या हातावर करतात, ते डोळ्याचं पारणं फेडणारं आहे, वाद नाही. पण एका बापानं हट्ट धरला की माझ्या पोराच्या हातावर ठेवा, मला रील काढायचं आहे. वस्ताद नाही म्हणाले. तो रुसला. पठ्ठ्यांपैकी एक तयार व्हायला लागला होता, हे मी पाहिलं. नियम लिहून भिंतीवर लावा: सोळाच्या आतल्या पोरांच्या जवळ धार नको. शस्त्रांच्या घोडीला कुलूपही हवं. खंडेनवमीला पूजेसाठी मांडावं तसं रोज उघडं मांडलेलं असतं. फौजेत रायफल कोतमधून, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीतून, सही करून घेतो आणि सही करून ठेवतो. आणि प्रथमोपचाराच्या पेटीत नुसती हळद आणि एक जुनी पट्टी आहे, ती भरा.

आता शिस्तीबद्दल, म्हणजे तक्रारींमुळं गैरसमज नको. कॉलेजातला एक चांगला तयारीचा पोरगा बाहेर कुठं तरी मारामारीत लाठी घेऊन उतरला. कानावर आलं तसं वस्तादांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. शिवी नाही, मार नाही. “महिनाभर लाठी बंद. रोज यायचं, माती खणायची, पोरांना पाणी द्यायचं.” तो पोरगा रोज येतो. माती खणतो. त्याचा बाप नगरसेवकाची चिठ्ठी घेऊन आला होता, वस्तादांनी चहा पाजून परत पाठवला. माझ्या नातीला मी याच तालमीत ठेवलंय, त्याचं कारण पट्टा नाही, हे आहे.

कुणी लावावा? आठ वर्षांपुढच्या मुलामुलींनी जरूर. भरतीची तयारी करणाऱ्यांनी याच्या भरवशावर राहू नये. धावणं आणि लेखी परीक्षा वेगळी करावी लागते, पण सकाळची सवय आणि पायांची चपळाई इथं फुकटात मिळेल. मिरवणुकीत खेळ दाखवायचे एवढ्यासाठीच येणाऱ्यांनाही इथं जागा आहे, मी त्यांना हसत नाही. मिरवणुकांनीच तर हे खेळ इथवर टिकवले. साठीपुढच्यांनी पवित्रे आणि लाठीवर थांबावं. पट्टा खांदा खातो, माझा अजून शेकतोय.

पाचपैकी चार देतो. फरी-गदका आठवड्यातून तीन दिवस केला आणि घोडीला कुलूप आलं तर उरलेला एकही देईन. नावनोंदणी सकाळी सात ते आठ, रोख. गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावा, आत वळवायला जागा नाही. आणि पहिल्या दिवशी पावणेसहाच्या आधी पोचा, नाहीतर खराटा ठरलेला.